शेवटच्या पानाला बांधलेला दोरा

माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या सदऱ्याची कड चिमटीत धरली. दोनदा चोळून बघितली आणि म्हणाले, "मंगळवेढ्याकडचा दिसतोस."

"कापडावरनं कळतं?"

"कापडावरनं न्हाय, धुळीवरनं. कापड आपल्याच पेठेतलं हाय. काळी माती तुमच्याकडची हाय."

सोलापुरात साखर पेठेत त्यांचं घर होतं. खाली दोन माग, वर चार खोल्या. त्यातली जिन्यालगतची खोली मी बघायला आलो होतो. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि दुष्काळाचं पहिलं. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; माझे वडील अंगठा लावत. हे मी कुणालाही दहा मिनिटांच्या आत सांगायचो. आजही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत हाक मारली, "अम्मा, बी.ए. आला."

"अजून झालो नाही, मालक."

"माग चालू झाला की कापड धरायचंच."

तेव्हापासून त्या घरात मला दुसरं नाव राहिलं नाही. आणि त्यांना 'मालक' सोडून कुणी काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्या बायकोला सगळी पेठ 'अम्मा' म्हणायची. दोघं एकमेकांशी तेलुगूत बोलायची, भांडण मात्र मराठीत करायची. भाडेकरूंना कळावं म्हणून असेल.

मालक गिरणीत तीस वर्षं काढून जॉबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम, म्हणून निवृत्त झाले होते, पण गिरणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात घड्याळ नव्हतं. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. भाजीवाल्या बाईची भेंडी घेतानाही ती अंगठ्यानं चोळून बघायचे आणि "हिचा पीळ सुटलाय" म्हणून परत टाकायचे. बाई म्हणायची, "मालक, ही भाजी हाय, सूत न्हाय." ते म्हणायचे, "सगळं सूतच असतंय."

आणि चार्ज. घरातून बाहेर पडताना ते "येतो" म्हणत नसत, चार्ज देत. पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला देतो तसा. "दूध तापलंय, मांजर माळ्यावर हाय, दोन नंबरच्या मागावर डाव्या बाजूला सूत तुटतंय, बी.ए. झोपलाय. चार्ज घे." अम्मा भांडी घासता घासता "घेतला" म्हणायची. तिनं उत्तर दिल्याशिवाय ते उंबरा ओलांडायचे नाहीत. एकदा ती रागावली होती आणि मुद्दाम गप्प बसली, तर बाप्या अर्धा तास चपला घालून दारात उभा!

तर खोली पसंत पडली. भाड्याचं बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात त्यांनी कपाटातून एक कापडात बांधलेलं गाठोडं काढलं. मला वाटलं भाडेकराराचे कागद असतील. निघाली एक कादंबरी. जाड, तपकिरी पुठ्ठ्याची, तीनशे अठ्ठ्याऐंशी पानांची. तिच्या पानांतून रंगीत दोरे लोंबत होते.

"हे वाचायचं," मालक म्हणाले. "खोली पाहिजे असंल तर."

त्या पुस्तकाची कथा त्यांनी मला तिथंच उभ्यानं सांगितली. निवृत्तीच्या दिवशी गिरणीत समारंभ झाला. बाकीच्यांना छत्र्या मिळाल्या. मालक जेवणाच्या सुटीत वर्तमानपत्राचा तुकडा वाचताना साहेबांना कधीतरी दिसले होते, म्हणून साहेबांनी त्यांना पुस्तक दिलं. हार घातला आणि माईकपुढं विचारलं, "वाचणार ना?"

"आणि मी बोलून बसलो," मालक म्हणाले. "वाचणार साहेब, वाचून झालं की सांगायला येतो. माईकवर बोललो, बी.ए.! सगळी गिरणी हसली. चौथी पास माणूस मी, तीही तेलुगूत."

ते एक्केचाळीस पानं वाचू शकले. त्यांनी तिथं लाल दोरा बांधला आणि पुस्तक पुढच्या पाळीला दिलं.

पुढची पाळी म्हणजे पुढचा भाडेकरू. गिरणीत पाळी संपली की विणकर आपल्या कापडाच्या काठात रंगीत दोरा अडकवायचा, म्हणजे कुठवर कुणाचं काम ते कळायचं. दुसरा येऊन तिथून पुढं विणायचा. तीच रीत मालकांनी कादंबरीला लावली. बेचाळीस ते त्रेसष्ट शेजारच्या खोलीतल्या कंपाउंडरनं वाचली, हिरवा दोरा. त्यापुढं दीडशेपर्यंत एका ड्रॉइंग मास्तरनं, निळा. मग एस.टी.चा एक कंडक्टर अक्कलकोटच्या फेऱ्या करता करता दोनशे बारापर्यंत पोचला आणि त्याची बदली झाली. त्याचा दोरा खाकी.

"तू दोनशे तेरापासून," मालकांनी फर्मावलं.

मी हसलो. चक्क हसलो. "मालक, कादंबरी अशी वाचत नाहीत. पहिल्या पानापासून वाचावी लागते."

"का? चादर काय एकटा माणूस विणतो का? कापड एकच हाय, पाळ्या बदलत्यात. आजवर दोनशे बारा पानं झाली घराची. आता तू पुन्हा एकपासून सुरू केलंस तर ह्या चौघांनी काय झक मारली?"

"पण मागचं मला कळणार कसं?"

"चार्ज देतो की."

आणि दिला. मागावरचा आवाज खट्याक-खट्याक चालू असताना, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून. "एक नदी हाय. नावाडी हाय, लोकांना पलीकडं सोडतो. बायको मेलेली. एक पोरगी हाय, ती पण नाव चालवती. आता पूल बांधायला एक इंजिनेर आलाय. पूल झाला की नाव बंद. पोरगी इंजिनेरकडं बघत न्हाय, पण बघत न्हाय हे लई पानं लिहिलंय. आणि पाऊस हाय. नव्वद पानं पाऊस हाय. आपल्याकडं पडंना, त्याच्याकडं थांबंना. चार्ज घे."

"घेतला," मी म्हणालो. खोलीची गरज होती.

मला त्यांनी दोऱ्याचा रंग विचारला. खिशात कायम रंगीत सुताचा गुंडा असायचा. मी पांढरा मागितला. ते जरा थांबले. "पांढरा मळतो, बघ." तरी दिला.

आता खरं सांगतो. ते पुस्तक मला झेपलं नाही. परीक्षेची पुस्तकं मी पाठ करत होतो, गाईड होती, नोट्स होत्या. ह्याला काहीच नव्हतं. एकेक वाक्य पान-पान चालायचं. वाक्याच्या सुरुवातीला नदी असायची आणि शेवटी त्या पोरीच्या आईचं लुगडं. मध्ये आपण कुठून कुठं आलो ते सापडायचं नाही. मी एखादं पान तीनदा वाचायचो आणि खालच्या मागाचा आवाजच डोक्यात राहायचा. दोनशे एकसष्टवर मी थांबलो. पण दोरा बांधला नाही. दोरा बांधणं म्हणजे कबूल करणं. कंपाउंडर थांबला तर थांबला, तो काही बी.ए. नव्हता.

मालक रोज विचारायचे, "किती झालं?"

"चाललंय," मी म्हणायचो.

जूनमध्ये निकाल लागला. सेकंड क्लास. वडील गावाहून पहिल्या एस.टी.नं आले, नवं धोतर नेसून, पिशवीत आईनं दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. मालकांनी खाली दोन्ही माग बंद केले. हे मी त्या घरात दिवाळीतही बघितलं नव्हतं. अम्मानं शिरा केला. कंपाउंडर आला. अंगणात सतरंजी टाकून सगळे बसले. मालकांनी वडिलांच्या धोतराचा काठ चोळून बघितला आणि "पक्का हाय" म्हणाले. वडिलांना ते आपल्याविषयीच वाटलं आणि ते खूश झाले.

मग मालक माझ्याकडं वळले. "बी.ए. तर झालास. पुस्तक कुठवर आलं?"

मी उत्तर द्यायच्या आत वडील बोलले. "वाचलं असंल की, मालक. ते काय विचारायचं? बी.ए. झालंय पोरगं. आता कुटलं पुस्तक ऱ्हातंय त्याच्या म्होरं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वडिलांचा चेहरा असा काही झाला होता, की तो मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

"वाचलं," मी म्हणालो. "झालं पुरं."

मालक उठून उभे राहिले. माझ्या खोलीतून पुस्तक मागवलं. "बांध दोरा. शेवटच्या पानाला. सगळ्यांसमोर."

मी पांढरा दोरा तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानाला बांधला. 

"अयिपोयिंदा?" अम्मानं विचारलं. म्हणजे, संपलं का? आणि मग मराठीत, "त्या पोरीचं काय झालं शेवटी?"

तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण इतकी वर्षं प्रत्येक चार्ज तिनं भांडी घासत ऐकला होता.

"लग्न झालं," मी म्हणालो. "इंजिनेरशी. थाटात."

"बरं झालं गं बाई," अम्मा म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

वडील संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना गाडीच्या कंडक्टरलाही 'पोरगं बी.ए. झालं' म्हणून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ट्रंकेतला निवृत्तीच्या दिवशीचा काळा कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या जिन्यात पसरला. "साहेबांच्या बंगल्यावर जातो," ते म्हणाले. "सांगून येतो. माईकवर बोललो होतो." दुपारी घामाघूम होऊन आले. साहेब पुण्याला गेले होते, रविवारी येणार होते. "रविवारी जातो," म्हणून त्यांनी कोट खुंटीला टांगला. ट्रंकेत ठेवला नाही.

तो कोट मला जिन्यातून जाता-येता दिसायचा. वाटेत भेटेल त्याला मालक सांगत होते. दुधवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. "माझ्या घरात पुरं वाचलं. पोरीचं लग्न झालं." मी तीन दिवस बघितलं. मग पुस्तक मागून घेतलं, वर जाऊन शेवटची पानं चाळली. निदान माझं खोटं खरं निघतंय का बघावं म्हणून.

लग्न नव्हतं. इंजिनेर शेवटच्या चाळीस पानांत कुठं नव्हताच.

शुक्रवारी दुपारी मी खाली गेलो. मालक मागावर वाकले होते. मी म्हणालो, "मालक, मी दोनशे एकसष्टला थांबलोय. पुढचं वाचलेलं नाही. लग्नाचं मी मनानं सांगितलं."

त्यांनी पट्टा सोडून माग बंद केला. ओरडतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "दोनशे एकसष्ट नक्की?"

"नक्की."

"हितं ये." त्यांनी मला मागावरचं कापड दाखवलं. "हे बघ. पाठीमागं हितं सूत तुटलं होतं. वीतभर विणून झाल्यावर दिसलं. काय करायचं?"

"कापायचं?"

"कापलं तर चादर गेली. उसवायचं. चुकीपर्यंत एकेक आडवा धागा काढत जायचं. मग तुटलेलं सांधायचं, मग पुढं विणायचं. तुटलेला दोरा लपवायचा न्हाय. लपवला तर तो धुण्यात दिसतोच, आणि मग धुणारी बाई शिव्या विणणाऱ्याला देती." थोडं थांबून म्हणाले, "ज्यांच्यासमोर बांधलास त्यांच्यासमोर सोडायचा."

अंगणात पुन्हा सतरंजी पडली. ह्या वेळी शिरा नव्हता. कंपाउंडर आला. अम्मा आली. मी उभा राहून शेवटच्या पानाचा दोरा सोडला आणि दोनशे एकसष्टला बांधला. तो तोवर मळला होता, मालकांनी म्हटल्यासारखा.

कंपाउंडर हसला. "बी.ए. होऊन एकोणपन्नासच पानं? चौथीवाल्यानं एक्केचाळीस वाचली!"

"तू बावीस वाचलीस," मालक म्हणाले. "गप बस."

अम्मानं एवढंच विचारलं, "म्हणजे लग्न न्हाय झालं?"

"माहीत नाही, अम्मा," मी म्हणालो. खरं तर शेवट बघितला होता, पण न वाचलेला शेवट सांगायचा मला आता अधिकार नव्हता.

मालक अजून उभेच होते. "एक माणूस राहिला," ते म्हणाले.

मला कळलं. वडिलांना मी पत्र टाकलं. त्यांना वाचता येत नाही. ते पत्र घेऊन शाळेतल्या मास्तरांकडं जाणार, मास्तर पारावर बसून मोठ्यानं वाचणार, आणि गावाला सगळं कळणार. हे ठाऊक असून टाकलं. पोस्टाच्या पेटीत हात कोपरापर्यंत घातला, म्हणजे परत काढता येऊ नये. आठ दिवसांनी मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. वडिलांनी सांगितलेली दोनच वाक्यं होती: "पुस्तक पुरं कर. मग गावाकडं ये."

त्या उन्हाळ्यात नाही, पण त्या पावसाळ्यात, जो आमच्याकडं पुन्हा आलाच नाही, मी ते पुस्तक वाचलं. रोज चार पानं. चार म्हणजे चार. कळेनासं झालं की मोठ्यानं वाचायचो. मोठ्यानं वाचताना एक गंमत लक्षात आली. ती लांब वाक्यं मागाच्या आवाजावर बरोबर बसायची. खट्याक, खट्याक, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. वाक्यही नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला जायचं आणि परत यायचं. ते वाक्य नावेतून चाललं होतं! हे मला कुठल्या गाईडनं सांगितलं नसतं. पुढं पुढं मी जिन्यात बसून वाचू लागलो आणि मालक दोन नंबरचा माग मुद्दाम चालू ठेवायचे.

गणपतीच्या आधी पुस्तक संपलं आणि पांढरा दोरा पुन्हा शेवटच्या पानाला गेला. मी मालकांना आणि अम्माला खरा चार्ज दिला. पूल होतो. इंजिनेर निघून जातो. नावाडी मरतो. पोरगी एकदाच त्या पुलावरून चालत पलीकडं जाते, परत येते, नाव मोडते आणि तिच्या फळ्यांचं आपल्या घराला दार करते.

अम्मानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग अम्मा म्हणाली, "दार केलं? मग चांगलं झालं. लग्नापेक्षा दार बरं."

त्या रविवारी मालक इतके दिवस खुंटीवरच राहिलेला कोट घालून साहेबांकडं गेले. दोन तासांनी आले, खाटेवर बसले आणि हसत सुटले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. "साहेब म्हणाले, कुठलं पुस्तक? त्यांनी वाचलंच नव्हतं रे! न वाचताच दिलं मला!"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? सगळा चार्ज दिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. उभ्यानं. त्यांचा चहा गार झाला."

मला मंगळवेढ्याच्या एका हायस्कुलात नोकरी लागली आणि मी खोली सोडली. जाताना मी जिन्यात उभा राहून म्हणालो, "खोली झाडलीय, खिडकीची कडी सैल आहे, पुस्तक कपाटात आहे. चार्ज घ्या, मालक." त्यांनी "घेतला" म्हटलं नाही. मला ते जरा लागलं.

पुढच्या वर्षी एका दुपारी शिपाई सांगत आला, "सर, कुणी काळा कोटवाला तुमच्या वर्गातल्या पोरांचे शर्ट चोळून बघतोय." मी धावलो. मालक व्हरांड्यात उभे होते. काखेत कापडाचं गाठोडं. सोलापूरहून एस.टी.नं आले होते, उभ्यानं, डोक्यावर आमच्याकडची काळी धूळ घेऊन.

"तू शेवट खरा वाचलास," बसायच्या आधीच ते म्हणाले, "आणि मला लाज वाटली. घरानं वाचलं म्हणून मिरवलो. मी कुटं वाचलं? इतकी वर्षं मी एक्केचाळीसलाच बसलोय." त्यांनी गाठोडं सोडलं. हिरवा, निळा, खाकी, पांढरा असे दोरे आपापल्या जागी होते. लाल दोरा एक्केचाळीसवर नव्हता. तो खाकीच्या शेजारी होता, दोनशे बारावर. "बेचाळीसपासून हितवर वाचलं. वर्ष लागलं. नव्वद पानं पाऊस न्हाय, बी.ए. शंभराच्या वर हाय. मास्तरनं काही पानं गाळली होती."

मी लाल दोऱ्यावर बोट ठेवलं.

"तू माझ्या पुढचं वाचलंस, मी तुझ्या मागचं वाचलं. आता तू पहिल्यापासून वाच. एक ते दोनशे बारा. तू तेव्हा म्हणत होतास ना, कादंबरी पहिल्या पानापासून वाचायची असती? वाच की मग."

"वाचतो."

"आणि झालं की आणून दे. मला तुझी पानं वाचायचीत, दोनशे तेरापासून."

"मी सांगितलंय की तुम्हाला सगळं, मालक. खरा चार्ज दिला होता."

"दिला होतास." त्यांनी माझ्या नव्या टेरिकॉटच्या शर्टाची कड चिमटीत धरली, चोळली आणि तोंड वाकडं केलं. "पण एकदा उसवलेल्या जागेवर हात फिरवून बघायचा असतो. चार्ज घे."

"घेतला," मी म्हणालो. मग ते निघाले. परतीची गाडी चारची होती.

शाळा सुटायच्या आत मी पहिल्या पानावर होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. पुस्तकात पाऊस पडत होता.